दोन रात्रींपुरता अंधार

माझा धंदा पडद्याचा. लग्नं, गणपती मंडळं, प्रचारसभा, क्रिकेटची फायनल, जिथं माणसं एका दिशेला तोंड करून बसणार तिथं मी ट्रस (म्हणजे पडदा टांगायचा धातूचा सांगाडा), पडदा, प्रोजेक्टर नाहीतर एलईडी वॉल घेऊन हजर. सांगली-मिरजेत २२ वर्षं हेच करतोय. त्याआधी वडील तंबू टॉकीजवर ऑपरेटर होते. पुसेगाव, म्हसवड, खरसुंडी, जत्रेमागून जत्रा करत त्यांनी हा सगळा मुलूख पायाखाली घातला. पडद्यावर चित्र पाडणं हे आमच्या घरातलंच काम. तरी गेल्या हिवाळ्यात कृष्णेच्या घाटावर दोन रात्री जे दाखवलं, त्यासाठी मला ते मुळापासून पुन्हा शिकावं लागलं. आपापल्या गावात असं काही करावं असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी तपशिलात लिहून ठेवतोय.

सुरुवात भाचीमुळं झाली. तिचं कलाशिक्षण नुकतंच संपलेलं. दिवाळीत घरी आली आणि म्हणाली, "मामा, घाटावर व्हिडिओ आर्ट लावायचीय. ढाका, तैपेई, जोगजाकार्ता, हनोई, काठमांडू, सगळीकडच्या माझ्या वयाच्या मुलामुलींची कामं आहेत. सगळे हो म्हणालेत. पैसे कुणीच मागत नाही. एवढंच म्हणतात की नीट दाखवा."

मी विचारलं, पिक्चर किती तासांचा आहे?

"पिक्चर नाही मामा. अकरा कामं आहेत. सगळ्यात छोटं दोन मिनिटांचं, मोठं एकोणीस मिनिटांचं. त्यात गोष्ट असेलच असं नाही. बऱ्याच कामांना आवाजसुद्धा नाही."

मग तिनं मला हे मूळ कुठलं ते सांगितलं. नाम जून पाइक नावाचा कोरियाचा माणूस, जन्म सोलचा, १९३२ चा. १९६३ साली त्यानं जर्मनीतल्या वुपरटाल गावात टीव्हीचे संच मांडून प्रदर्शन केलं आणि संचांमधलं चित्र मुद्दाम वाकवलं, विस्कटलं. या कलेची वाट तिथून निघाली असं मानतात. पुढं १९७४ मध्ये त्यानं बुद्धाची एक मूर्ती टीव्हीसमोर बसवली. समोर कॅमेरा, टीव्हीत तीच मूर्ती, आणि मूर्ती स्वतःकडं बघत बसलेली. हे मला लगेच कळलं. लग्नात स्टेजसमोर लाइव्ह वॉल लावली की मुलीचे आईवडील पाहुण्यांकडं न बघता वॉलवरच्या स्वतःकडं बघत राहतात. ती नजर मी शेकडो वेळा पाहिलीय. तिच्याकडं असं थांबून बघता येतं हे मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, ठीक आहे, माझी बारा बाय आठची एलईडी वॉल देतो. उजेड असला तरी चालते, कसली कटकट नाही. भाची नको म्हणाली. तिथं आमचं जरा वाजलं.

तिचं म्हणणं नंतर पटलं. पडदा किती उजळ दिसतो ते निट्समध्ये मोजतात. थिएटरात पडद्यावरचा पांढरा साधारण ४८ निट्स ठेवतात. माझी बाहेरची वॉल ५००० निट्सपर्यंत जाते. ती उन्हाशी भांडायला बनवलेली आहे. रात्री तिची ताकद अगदी खाली आणली तर अंधाऱ्या छटा तुटतात, काळ्यातून राखाडीत जाताना पायऱ्या पडतात. एलईडी वाईट असं भाचीचंही म्हणणं नव्हतं. हाँगकाँगला २०२१ मध्ये एम प्लस नावाचं म्युझियम उघडलं, त्याची बंदराकडची भिंतच एलईडीची आहे, ११० मीटर रुंद आणि ६५ मीटरहून उंच. तिथं त्या भिंतीसाठीच व्हिडिओ करून घेतात. पण आमच्याकडं आलेली अकरा कामं पोरांनी खोलीत, अंधारात बसून एकेक छटा बघत केलेली. ती प्रोजेक्टरवरच जाणार होती.

एका रात्री गच्चीवर चाचणी घेतली. भाचीनं किमसूजा या कोरियन कलावंत बाईंच्या एका कामाचा मिळाला तेवढा भाग भिंतीवर लावला. २००० सालचं, दिल्लीत यमुनेकाठी केलेलं. पूर्ण काम साडेदहा मिनिटांचं, आवाज नाही. बाई आपल्याकडं पाठ करून नदीकडं बघत उभी, आणि मागं-पुढं काही न दाखवता सगळी चौकट पाण्यानं भरलेली. जवळच दहनघाट आहे. पाण्यावरून निर्माल्य वाहत जातं. कामाच्या नावाचा अर्थ 'धुणं धुणारी बाई', पण धुणं कुठंच नाही.

वडील खुर्ची टाकून बसले होते. नजर आता अधू झालीय, पण प्रोजेक्टर लागला की येऊन बसतात. "किती वेळाचं हाय?" त्यांनी विचारलं. साडेदहा मिनिटांचं म्हटल्यावर म्हणाले, "मजी हजार फुटाचा एक डबा." ३५ एमएमची हजार फूट रीळ अकरा मिनिटं चालायची. त्यांच्या हातांना अजून ती मिनिटं माहीत आहेत.

मी बघत राहिलो. थोड्या वेळानं मला नदी थांबल्यासारखी आणि ती बाईच वाहत चालल्यासारखी वाटायला लागली. डोळे चोळून पुन्हा बघितलं. पुन्हा तसंच. धंद्यात मी चित्राकडं कायम काही बिघडलंय का एवढ्यासाठीच बघत आलो. त्या रात्री पहिल्यांदा नुसता बघत होतो. आणि तेवढ्यात शेजाऱ्यांनी गॅलरीतला बल्ब लावला. भिंतीवरचं सगळं पाणी एका क्षणात पांढुरकं झालं, गढूळ ताकासारखं. बाई तशीच होती, पाण्यावरची फुलं तशीच होती, पण नदीची खोली गेली.

प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही. ही गोष्ट मला २२ वर्षं माहीत होती आणि तिची कधी गरज पडली नव्हती, कारण लग्नाच्या व्हिडिओत काळा नसतोच, सगळं झगझगीत. काळा म्हणजे पडद्याचा जो भाग प्रोजेक्टर सोडून देतो तो. तिथं आजूबाजूचा जो उजेड पडलेला असेल तोच तुमचा काळा. हिशोब सांगतो. माझा प्रोजेक्टर ६००० लुमेनचा, म्हणजे एकूण एवढा उजेड फेकणारा. १६ बाय ९ फुटांचा पडदा भरला तर पडद्यावर दर चौरस मीटरला साधारण ४५० लुमेन, म्हणजे ४५० लक्स पडतात. ऐकायला भरपूर आहे. पण रस्त्यावरच्या दिव्याचे वीस लक्स त्याच पडद्यावर येत असतील, तर काळा आणि पांढरा यांच्यात वीस-पंचवीस पटींचंच अंतर उरतं. पांढऱ्याला काही होत नाही. मरतो तो काळा. म्हणून उघड्यावर चित्र दाखवायचं तर जास्त ताकदीचा प्रोजेक्टर शोधण्याआधी अंधार शोधावा लागतो. आणि शहरात अंधार कुणाच्या तरी मालकीचा असतो. तो मागून आणावा लागतो.

जागा भाचीनं ठरवली होती. आयर्विन पुलाजवळच्या घाटाच्या पायऱ्या. खालच्या टप्प्यावर पडदा, पायऱ्यांवर माणसं, मागं नदी आणि तिच्यापलीकडं सांगलीवाडीचा काठ. पंचांग बघून अमावास्येच्या अलीकडचा शनिवार-रविवार धरला, म्हणजे चंद्राचा त्रास नको. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास जातो, सातला काळोख पडतो.

अंधार मोजायची माझी एक साधी रीत आहे. रोजचा पेपर घेऊन पडदा जिथं येणार तिथं उभं राहायचं, पेपर घाटाकडं तोंड करून धरायचा आणि वाचायला बघायचं. पहिल्या दिवशी मला छोट्या जाहिरातीसुद्धा वाचता आल्या. भाड्यानं देणे आहे, दोन खोल्या, सगळं स्वच्छ. म्हणजे फार उजेड. मी पायरीवर बसून एकेक दिवा मोजला. रस्त्यावरचे चार खांब, एक जाहिरातीचा फलक, चहाची टपरी, एका देवळाबाहेरचा हॅलोजन, अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी आणि एका दुकानाची पळती अक्षरं. एकूण नऊ उजेड.

मग नऊ ठिकाणी गेलो. टपरीवाल्या मावशी लगेच म्हणाल्या, "बंद करते की, त्यात काय एवढं. गॅसच्या उजेडात चहा दिसतोय." देवळातले गुरव म्हणाले, "हॅलोजन घालवतो, पण समई राहणार." समईचा आम्हाला काहीच त्रास नव्हता. उलट ती राहिली हे चांगलंच झालं, नदीच्या अंगाला तेवढा एक पिवळा ठिपका छान दिसायचा. गॅलरीतल्या आजींना मी तीनदा भेटलो. त्यांना भीती चोरांची. शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्ही खाली एवढी माणसं बसणार, तर चोर कशाला येतोय? घालवते दिवा, पण मला वरनं दिसलं पाहिजे." पडद्याचा कोन मी त्यांच्यासाठी चार अंश फिरवला. फलकाच्या मालकांनी आधी स्पष्ट नाही सांगितलं, आणि त्यांचं बरोबर होतं, जाहिरातदारानं रात्रीचेच पैसे भरलेले असतात. भाचीनं त्यांना गच्चीवर बोलावलं, तीच यमुना दाखवली, आणि त्यांच्यासमोर गॅलरीचा बल्ब लावून घालवून दाखवला. त्यांनी सव्वासात ते नऊ दिले.

रस्त्याचे चार खांब राहिले. सगळी लाइन एकाच टायमरवर, एक खांब वेगळा बंद होत नाही. त्यांना घाटाच्या बाजूनं पत्र्याच्या टोप्या बसवायची परवानगी मिळाली, रस्त्याकडचा उजेड जसाच्या तसा. बाकीच्या परवानग्यांचं काही विशेष नाही. एका अर्जावर कार्यक्रमाचा प्रकार विचारला होता आणि आमचा प्रकार यादीत नव्हता, तिथं 'सांस्कृतिक' लिहिलं. आवाज जवळपास नव्हताच, आणि दहाच्या आत आवरणार होतो, त्यामुळं तिकडून काही अडचण आली नाही.

अडचण आली ती वेगळीकडून, आणि ती मला आधी सुचायला हवी होती. रोज संध्याकाळी घाटावर फिरायला येणाऱ्या बायकांचा एक गट आहे. त्यातल्या एक काकू म्हणाल्या, "तुम्ही दिवे घालवत सुटलाय, पण आमच्या पोरी क्लासवरनं याच वाटेनं येतात. इथं दिवे लागावेत म्हणून आम्ही दोन वर्षं अर्ज केलेत." माझ्याकडं उत्तर नव्हतं. मला अंधार हवा होता तो चित्रासाठी. त्यांनी उजेड मिळवला होता तो जिवासाठी. आम्ही त्यांच्याबरोबरच सगळी वाट चालून बघितली. वरच्या रस्त्याला हात लावायचा नाही, हे ठरलं. पायऱ्यांच्या कडेला खाली तोंड केलेल्या बारीक पट्ट्या लावल्या, पाऊल दिसेल पण पडद्यापर्यंत उजेड जाणार नाही अशा. दोन्ही टोकांना आमच्याकडची दोन माणसं बॅटरी घेऊन. काकू स्वतः दोन्ही रात्री मधल्या पायरीवर बसल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्या मुलींना हाक मारत राहिल्या. उघड्यावर पडदा लावणाऱ्या प्रत्येकानं हे आधी बघावं. अंधार सगळ्यांना सारखा पडत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी पेपर धरला. मथळा काळ्या पट्ट्यासारखा दिसला, अक्षर लागेना. मी भाचीला हाक मारून दाखवलं.

प्रोजेक्टरनं मात्र दगा दिला. माझा कमी पडेल म्हणून बाहेरगावाहून मोठा भाड्यानं मागवला होता. तो लावला तर पांढरा हिरवट पडत होता. दिवा संपत आलेला. दिव्याचे तास भरत आले की उजेड निम्म्यावर येतो आणि रंगही सरकतो. घेताना तास तपासायचे, हे मी दुसऱ्यांना सांगतो, आणि मीच तपासले नव्हते. तो परत पाठवला आणि उलटा विचार केला. ताकद वाढत नाही तर पडदा लहान करू. १६ फुटांचा १४ केला. तेवढ्यानंच ४५० चे ५८० च्या आसपास लक्स झाले. धंद्यात आम्ही पडद्याच्या फुटांवर दर लावतो, त्यामुळं मोठा म्हणजे चांगला ही सवय लागलेली असते. लहान पडद्यावर चित्र घट्ट झालं.

कापड निवडलं वडिलांनी. मी फ्लेक्स आणणार होतो. ते म्हणाले, "नदीवर वारं असतंय. फ्लेक्स शिडागत फुगंल. मांजरपाट आण." मांजरपाटातून थोडं वारं आरपार जातं. दोन पन्हे शिवून एक केले, कडेला पट्टी, दर वितीवर भोकं, आणि ट्रसला बांधायला दोरीऐवजी रबरी लूप, म्हणजे झुळूक आली की कापड ताणून परत जागेवर येतं. ट्रसच्या पायात पाण्याचे ड्रम. साखरेचा हंगाम सुरू होता, हवेतून काजळी येत होती, म्हणून सात वाजेपर्यंत पडद्यावर दुसरं कापड पांघरून ठेवलं. चिलटांचा इलाज सापडला नाही. झोतात ती नाचतात, भिंगावर बसतात. माझ्याकडचा पोरगा दोन्ही रात्री हातात मऊ ब्रश घेऊन भिंगाजवळ उभा होता.

आता फाइलींबद्दल. प्रत्येक कामाबरोबर एक चिठ्ठी आली होती. कुणी लिहिलेलं, चौकट चारास तीनची आहे, ताणू नका, बाजूला काळं सोडा. कुणी लिहिलेलं, शेवटी चाळीस सेकंद नुसता काळा पडदा आहे, तो संपेपर्यंत पुढचं लावू नका. लग्नात मी चाळीस सेकंद काळा ठेवला तर लोक वायर बघायला धावतील. पण पत्र लिहावं तशा मनापासून लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या. मी त्या छापून कन्सोलसमोर ओळीनं चिकटवल्या. कामं एकामागून एक लावायची की गॅलरीत असतात तशी फिरत ठेवायची, यावर भाची अडली होती. मी म्हटलं, आपल्याकडं गणपतीत देखावा असाच असतो की. दहा-पंधरा मिनिटांचा जिवंत देखावा रात्रभर पुन्हा पुन्हा होतो, माणसं मधेच येतात, शेवट बघतात, थांबून सुरुवात बघतात. सांगलीला हे शिकवावं लागणार नाही. म्हणून दीड तासात सगळी अकरा, आणि सर्वांत लहान तीन कामं मधे मधे पुन्हा.

शनिवारी दीडेकशे माणसं आली. पहिली दोन कामं झाली, थोडी चुळबुळ झाली, भडंगाचे पुडे फिरले. तिसरं काम ढाक्याच्या मुलाचं. पुलाच्या खांबावर रंगवलेली पाणीपातळीची पट्टी, शेजारी आकडे. अख्खा पावसाळाभर एकाच जागी उभं राहून घेतलेलं. नऊ मिनिटं फक्त ती पट्टी आणि चढणारं पाणी. आवाज नाही.

सांगलीत पावसाळ्यात माणूस माणसाला भेटला की आधी विचारतो, किती फूट? आयर्विनला ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे आमच्या लहान पोरांनाही पाठ असतं. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. घाटावर बसलेल्यांत घरात गळ्याइतकं पाणी बघितलेली माणसं होती. पडद्यावरचे आकडे बंगालीत, मोजमापही वेगळं, पण तिसऱ्या मिनिटाला मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "चाळीस झालं." मग दुसरं कुणी म्हणालं, "आता आमचा चौक गेला." पुड्यांचा आवाज बंद झाला. पडद्यावर एक आकडा अर्धा बुडाला, त्याची वरची वेलांटी तेवढी पाण्याबाहेर राहिली होती, आणि त्याच क्षणी सगळं गेलं.

वायरच्या एका जॉइंटवर दव बसलं होतं. ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, पडला. प्रोजेक्टर दिव्याचा असल्यामुळं गार झाल्याशिवाय परत पेटत नाही. मला चार मिनिटं थांबणं भाग होतं. मी शिट्ट्यांची वाट बघत होतो. वडिलांच्या तंबूत रीळ तुटली की मातीची ढेकळं यायची. इथं कुणीतरी मोबाइलची बॅटरी लावली, तर आतल्या अंगाच्या एक आजी म्हणाल्या, "बंद कर रे ते." त्यानं बंद केली. कुणी उठलं नाही. पाणी पायरीला लागल्याचा बारीक आवाज येत होता, तो तोपर्यंत मी ऐकलाच नव्हता. पलीकडच्या रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला आणि आवाज लांबवर विरला. माझ्या जवळच्या पायरीवर एक माणूस शेजारच्याला सांगत होता, की आमच्या भिंतीवर रंग दिला तरी ती रेघ दरवर्षी वर येते.

दिवा पेटला. जिथं थांबलं तिथून लावू का, मी भाचीला विचारत होतो. वडील प्रोजेक्टरवर हात ठेवून उभे होते, गरमी बघत. म्हणाले, "पैल्यापासनं लाव." मी पहिल्यापासून लावलं. नऊच्या नऊ मिनिटं माणसं बसली. शेवटी पट्टी दिसेनाशी होते, नुसतं पाणी राहतं आणि तेवढ्यावरच ते काम संपतं. टाळ्या पडल्या नाहीत. एका बाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि पोराला जवळ ओढून घेतलं.

दुसऱ्या रात्री गर्दी दुप्पट झाली आणि लोक बोलायला लागले. मोठ्यानं. हनोईच्या मुलीच्या कामात एक म्हातारी भाजीची पाटी उतरवते आणि भरते, उतरवते आणि भरते. पायऱ्यांवर चर्चा सुरू. ती विकायला बसलीय का उठलीय? त्या पाल्याला काय म्हणत असतील? आपल्या चाकवतागत दिसतोय. मला वाटलं भाचीला राग येईल. तिच्या चेहऱ्यावर भलताच आनंद. ती म्हणाली, "मामा, थायलंडच्या आराया रासजार्मरिअर्नसूक या बाईंनी २००८ च्या सुमाराला हेच केलं होतं." त्या कलावंत बाईंनी मिले, माने अशा युरोपीय चित्रकारांच्या चित्रांच्या प्रती चौकटीत घालून खेड्यात उघड्यावर ठेवल्या, बांबूच्या बनात, पाण्याकाठी. समोर शेतकरी बसवले. कॅमेरा त्यांच्या पाठीमागं. ते आपले गप्पा मारत चित्र वाचतात, शेतात धान्य वेचणाऱ्या बायका नक्की काय करतायत याचे अंदाज बांधतात. तेच ते काम. मी मागं कन्सोलवरून बघत होतो. मला पडदा दिसत होता आणि त्याच्यापुढं सगळ्यांच्या पाठी, मफलर, टोप्या, अंबाडे.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथंच 'सीतास्वयंवर' केलं, म्हणून आपण सांगलीला नाट्यपंढरी म्हणतो. त्या पहिल्या रात्री प्रेक्षकांना नाटक कसं बघायचं हे कुणी शिकवलं नसणार. समोर काहीतरी चालू झालं आणि ते बघत बसले. मला रविवारभर तोच विचार येत होता.

जोगजाकार्ताच्या मुलाचं काम सावल्यांच्या बाहुल्यांवर होतं. ते चालू असताना नदीकडून हसण्याचा आवाज आला. दोन नावा पडद्यामागं येऊन थांबल्या होत्या. मांजरपाटातून उजेड आरपार जात होता आणि नावाड्यांना चित्र उलटं, डाव्याचं उजवं दिसत होतं. मी फ्लेक्स लावला असता तर त्यांना काहीच दिसलं नसतं. वडील म्हणाले, जत्रेत पडद्यामागच्या बाजूलाही माणसं बसायची, त्यांना पाटी वाचता यायची नाही पण चित्र फुकट. भाचीनं सांगितलं, जावातल्या वायांग कुलितच्या खेळात लोक पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसतात, एका बाजूनं सावल्या दिसतात, दुसऱ्या बाजूनं रंगवलेल्या बाहुल्या आणि त्या नाचवणारा माणूस. आणि चामड्याच्या सावली-बाहुल्या आपल्या कुडाळजवळच्या पिंगुळीतही आहेतच. पुढच्या वेळी नदीकडच्या बाजूलाही बसायची सोय करायची, हे आम्ही तिथंच ठरवलं. त्या मुलाला तिनं रात्रीच फोटो पाठवला, पडद्यामागून नावेतून काढलेला. त्याचं उत्तर पहाटे आलं. फाइलची उलटी प्रत करून देऊ का, म्हणून विचारत होता. आम्ही नको म्हणून कळवलं.

नऊ वाजता फलक लागला, टपरीवर ट्यूब लागली, आजींच्या गॅलरीत बल्ब लागला. माणसं डोळे किलकिले करत उठली.

ट्रस उतरवायला आम्ही सोमवारी उजाडताना गेलो. घाटावर धुकं होतं. मांजरपाट दवानं जड झालेला, वरच्या कडेला काजळीचे बारीक ठिपके, आणि मधोमध, जिथं दोन रात्री झोत पडला तिथं मेलेली चिलटं चिकटलेली. पोरगा लूप सोडत होता, मी खांबांवरच्या टोप्या काढायला शिडी लावत होतो. तेवढ्यात तीन बायका धुण्याच्या पाट्या घेऊन पायऱ्या उतरत आल्या. आमचे ड्रम नेमके त्यांच्या दगडावर होते.

"दादा, हे उचला की आधी," त्यातल्या एकीनं सांगितलं. "ऊन यायच्या आत धुवून व्हायला पाहिजे."

आम्ही ड्रम पालथे करून पाणी नदीत सोडलं. पडद्याची घडी घालणार होतो, तर ती म्हणाली, "तसाच ओला कशाला नेताय, कुबट वास मारंल. टाका इथं."

तिनं कापडाचं एक टोक धरलं, मी दुसरं धरलं, आणि चौदा फुटांचा पडदा आम्ही पाण्यात सोडला.